चेंडूपासून नजर हटवण्याची शिस्त

अमेरिकेत शुक्रवारची संध्याकाळ शाळांच्या फुटबॉलची असते. या रीतीला कायद्याचाही टेकू आहे. १९६१ साली तिथल्या काँग्रेसने क्रीडा प्रक्षेपणाचा कायदा केला आणि १९६६ मध्ये त्याचं संरक्षण शाळांच्या सामन्यांनाही दिलं. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी व्यावसायिक संघांच्या सामन्यांचं प्रक्षेपण त्यामुळे अडवलं गेलं. शाळा-कॉलेजांचे प्रेक्षक घरी टीव्हीसमोर बसून राहू नयेत, हा त्यामागचा विचार. आज दर हंगामात दहा लाखांच्या आसपास शाळकरी मुलं हेल्मेट आणि शोल्डर पॅड चढवून मैदानात उतरतात. गावातली बेकरी लवकर बंद होते, शाळेचा बँड वाजू लागतो, आजी-आजोबांपासून सगळे बाकांवर येऊन बसतात. अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी घरांतली मुलंही आता या गर्दीत असतात, कोणी बँडमध्ये तर कोणी संघात.

या सगळ्यांच्या मधोमध काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घातलेली चार-पाच मोठी माणसं उभी असतात. दिवसभर आपापली नोकरी किंवा धंदा सांभाळून संध्याकाळी ती पंच होतात. बावीस मुलं एकाच क्षणी एकमेकांवर आदळतात, चार-सहा सेकंदांत चाल संपते, आणि तेवढ्यात कोण कुठे अडवला गेला, कोणी कोणाला मागून ढकललं, चेंडू कुठे थांबला हे सांगायचं असतं. दहा डोळ्यांनी बावीस जण पाहणं निव्वळ तीक्ष्ण नजरेच्या जोरावर जमत नाही. कोणी कुठे उभं राहायचं, कोणाकडे पाहायचं, केव्हा हलायचं आणि सहकाऱ्याला काय खूण करायची, याची एक बांधीव पद्धत तिथे शंभरेक वर्षांत घडत आली. पंच तिला मेकॅनिक्स म्हणतात. नियमपुस्तक काय चूक आहे ते सांगतं. ती चूक कोणाला दिसणार, हे मेकॅनिक्स ठरवतं. हा आढावा त्या पद्धतीचा, तिच्यातल्या मतभेदांचा आणि आज तिच्यावर आलेल्या ताणाचा.

मैदान, नियम आणि साधनं

हा खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलहून वेगळा आहे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा किंवा पुढे फेकायचा. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, दहा यार्ड पुढे गेलं तर पुन्हा चार डाउन मिळतात. दोन्ही टोकांचे एंड झोन धरून मैदान ३६० फूट लांब आणि १६० फूट रुंद असतं. चेंडू गोलरेषा ओलांडून समोरच्या एंड झोनमध्ये नेला की टचडाउन होतो. चेंडू मधल्या खेळाडूने मागे दिला की चाल सुरू होते. त्याला स्नॅप म्हणतात, आणि चेंडू जिथे ठेवला होता ती आडवी रेषा म्हणजे स्क्रिमेज रेषा.

बहुतेक राज्यांतल्या शाळा नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स या संस्थेच्या नियमांनुसार खेळतात. संस्थेची सुरुवात १९२० ची. नियमपुस्तकाबरोबर ती पंचांसाठी वेगळी पुस्तिकाही काढते. टेक्सासमधल्या शाळा मात्र कॉलेजांचे नियम वापरतात. मॅसॅच्युसेट्सही तसंच करायचं, ते २०१९ मध्ये फेडरेशनच्या नियमांकडे आलं. शिवाय प्रत्येक राज्याची संघटना उभं राहण्याच्या जागांत आणि कामांच्या वाटणीत थोडेफार बदल करते. राज्य बदललेल्या अनुभवी पंचालाही त्यामुळे काही गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात.

पंचांची साधनं साधी आणि विचारपूर्वक घडलेली आहेत. मनगटाला एक रबरी पट्टा असतो आणि त्याचा फास बोटात अडकवलेला असतो. पहिला डाउन असेल तर तर्जनीत, दुसरा असेल तर मधल्या बोटात. गोंगाटात आकडा विसरला तरी बोट विसरत नाही. नियमभंग दाखवणारा रुमाल १९४१ साली आला. ओहायोतल्या यंग्सटाउन कॉलेजचे प्रशिक्षक ड्वाइट बीडी यांना ती कल्पना सुचली आणि पहिले रुमाल त्यांच्या पत्नी अर्मा यांनी शिवले. त्याआधी पंच भोंगे आणि शिट्ट्या वाजवत, आणि प्रेक्षकांच्या आरडाओरड्यात ते कोणाच्या कानी पडत नसे. कमरेला एक छोटी बीनबॅगही असते. हातातून चेंडू निसटला किंवा किक झेलली गेली, तर ती जागा लक्षात राहावी म्हणून पंच तिथे ती टाकतो. बीनबॅग म्हणजे शिक्षा नव्हे, जागेची नोंद. पुढे दंड कुठून मोजायचा हे अनेकदा तिच्यावरून ठरतं.

पाच जागा

मोठ्या मुलांच्या मुख्य सामन्याला, म्हणजे व्हार्सिटी सामन्याला, बहुतेक ठिकाणी पाच पंच असतात.

रेफरी हा पथकाचा प्रमुख. तो आक्रमक संघाच्या मागे साधारण बारा ते चौदा यार्डांवर, क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, फेकीच्या हाताच्या बाजूला उभा राहतो. त्याला कारण आहे. क्वार्टरबॅकवर कोणी झडप घातली आणि चेंडू सुटला, तर हात पुढे येत होता का, हा प्रश्न उभा राहतो. येत असेल तर तो अपुरा पास, नसेल तर फंबल, म्हणजे हातातून निसटलेला जिवंत चेंडू. सगळा सामना या एका उत्तरावर फिरू शकतो, आणि ते उत्तर फेकीच्या हाताच्या बाजूनेच नीट दिसतं.

अंपायर बचावफळीच्या मागे, पाच ते सात यार्डांवर, अगदी दाटीत असतो. पुढच्या फळीतली पकडापकडी, बेकायदा अडवणूक, जर्सी ओढणं हे त्याचं क्षेत्र. पास होतोय असं दिसलं की तो मागे न सरता स्क्रिमेज रेषेकडे पुढे येतो. तिथून त्याला दोन गोष्टी कळतात: पास झेलण्याचा हक्क नसलेले खेळाडू रेषेपलीकडे गेले का, आणि फेकणारा स्वतः रेषेच्या मागे होता का.

लाइन्समन आणि लाइन जज हे दोघे स्क्रिमेज रेषेच्या दोन टोकांना, साइडलाइनपाशी समोरासमोर असतात. स्नॅपच्या आधी कोण हललं, कोण पुढे घुसलं, रचना कायदेशीर आहे का, हे ते पाहतात. शाळकरी नियमांत बचावाचा खेळाडू स्नॅपआधी रेषेपलीकडे आला की खेळ तिथेच थांबतो. कॉलेजात किंवा व्यावसायिक खेळात त्याला परत फिरायची संधी असते, इथे ती नाही. दोन्ही फळ्यांमध्ये जेमतेम चेंडूच्या लांबीएवढं अंतर असतं. त्यामुळे या दोघांची नजर रेषेच्या सरळ रेषेतच हवी. लाइन्समनकडे दहा यार्ड मोजणाऱ्या साखळीचीही जबाबदारी असते.

बॅक जज सगळ्यात खोल, बचावाच्या मागच्या खेळाडूंच्याही मागे उभा राहतो. आपल्या मागे कोणालाही जाऊ द्यायचं नाही, हा त्याचा पहिला नियम. बचावाचे खेळाडू अकराच आहेत ना, हे तो मोजतो. आक्रमणाचे रेफरी आणि अंपायर मोजतात. लांब पास आणि दोन चालींमधल्या वेळेचं भानही त्याच्याकडे असतं.

नवख्या माणसाला सगळ्यात अवघड जाते ती यातली एक गोष्ट: चेंडू पाहायचा नाही. प्रेक्षक चेंडूकडे पाहतो, प्रशिक्षक पाहतो, कॅमेराही तिकडेच वळतो. कोणत्याही क्षणी पाचपैकी एखाद-दुसऱ्याच पंचाने चेंडूकडे पाहायचं असतं. बाकीच्यांनी आपापल्या वाट्याच्या मुलांवरून नजर हलू द्यायची नाही. चेंडूपासून पंधरा यार्डांवर एखाद्या मुलाला आंधळ्या बाजूने धडक बसली, तर ती पाहणारा त्या स्टेडियममध्ये एकटा तोच पंच असतो. २०१० पासून शाळकरी नियमांत कन्कशनची, म्हणजे मेंदूला बसलेल्या धक्क्याची, लक्षणं दाखवणाऱ्या मुलाला खेळाबाहेर काढणं बंधनकारक झालं. वैद्यकीय परवानगी मिळेपर्यंत त्याला परतता येत नाही. २०१७ मध्ये खुल्या हातांशिवाय केलेली आंधळ्या बाजूची धडक हा नियमभंग ठरला. हे नियम कागदावर चांगले आहेत. पण ते अंमलात येण्यासाठी चेंडू नसलेल्या मुलाकडे कोणीतरी पाहत असावं लागतं. म्हणून मेकॅनिक्स हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि त्याच्याही आधी मुलांच्या सुरक्षेचा.

एक चाल, पाच बाजूंनी

तिसरा डाउन, सात यार्ड बाकी. स्नॅपआधी रेफरी आणि अंपायर आक्रमणाचे अकरा मोजतात आणि हाताच्या खुणेने एकमेकांना कळवतात. टोकाचा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, रेषेवर नसून मागे असेल, तर त्या बाजूचा पंच हात मागे ताणून समोरच्या सहकाऱ्याला तसं सांगतो. सगळ्यांनी डाउनचा आकडा बोटांत तपासलेला असतो.

स्नॅप होतो. आता कोणीच चेंडू शोधत नाही. अंपायरची नजर पुढच्या फळीवर असते. ती पुढे झेपावली तर धाव, मागे रेलून उभी राहिली तर पास. ती मागे रेलते, तसा तो रेषेकडे पाऊल टाकतो. लाइन्समन रेषेवर थांबतो, कारण फेक रेषेच्या आतून झाली का, हे कोणीतरी पाहिलं पाहिजे. लाइन जज काही यार्ड पुढे सरकतो. बॅक जज मागे हटू लागतो आणि त्याच्या बाजूला आलेल्या रिसीव्हरला बचावपटू हाताने रोखतोय का, हे पाहतो.

क्वार्टरबॅक फेकतो. चेंडू हवेत जाताच स्टेडियममधल्या सगळ्या माना त्याच्यामागे वळतात, रेफरीची वळत नाही. तो क्वार्टरबॅकवरच नजर रोखून असतो आणि अंगावर धावून येणाऱ्या मुलांना ऐकू जाईल असं ओरडतो, ‘‘बॉल गेला!’’ फेक झाल्यानंतरची धडक सगळ्यात धोक्याची, कारण फेकणाऱ्याचं अंग सैल पडलेलं असतं. त्या ओरडण्याने अनेक धडका टळतात. त्यांची नोंद कुठे होत नाही, पण चांगल्या रेफरीच्या कामाचा मोठा भाग तोच असतो.

चेंडू साइडलाइनजवळ पोहोचतो. रिसीव्हर उडी मारून झेलतो. शाळकरी खेळात झेल घेताना एक पाय आत टेकला तरी पुरतं. बाजूचा पंच आधी पाय पाहतो, मग चेंडू. आतून येणारा बॅक जज हातांतला चेंडू पाहतो. दोघे एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात, मान हलते, आणि मगच एक खूण दिली जाते. हा थांबा एका सेकंदाचाही नसतो. तो नसला, तर दोन पंच दोन वेगवेगळ्या खुणा करतात आणि पुढची दहा मिनिटं दोन्ही प्रशिक्षकांना समजावण्यात जातात.

झेल झाल्यावर बाजूचा पंच तिरका धावत जात नाही. आधी तो साइडलाइनने सरळ त्या जागेच्या समोर पोहोचतो, मग काटकोनात आत येतो आणि पुढचा पाय त्या यार्डावर टेकवतो. तिरकं धावल्यास जागा फुटा-दोन फुटांनी चुकते, आणि चौथ्या डाउनला ते दोन फूटच सगळं ठरवतात. चाल संपली तरी काम संपत नाही. शिट्टी वाजल्यावर ढिगाऱ्यातून उठताना मुलं एकमेकांना ढकलतात, शेलक्या शब्दांची देवाणघेवाण करतात. अनुभवी पथक चेंडू परत आणायची घाई करत नाही. आधी मुलं सुटी होऊ देतं.

अंतरापेक्षा कोन

जवळ गेलं की नीट दिसतं, हा सर्वसामान्य समज आहे. क्रिकेटमध्ये धावबादच्या वेळी गोलंदाजाच्या टोकाचा अंपायर क्रीजच्या रेषेत बाजूला धावतो, यष्ट्यांच्या जवळ जात नाही. बॅट आणि रेषा यांच्यातली फट त्याला बाजूनेच दिसते. फुटबॉलमधलं सारं मेकॅनिक्स याच तत्त्वावर उभं आहे. पकडणाऱ्या दोन मुलांमधली फट दिसली तर पकड खरी की नुसता स्पर्श, हे कळतं. दोघं एकाच रेषेत आले, की जवळच्या मुलाच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. म्हणून चांगला प्रशिक्षक नव्या पंचाला सांगतो: दहा पावलं पळण्यापेक्षा दोन पावलं बाजूला सरक.

याच्या जोडीला दुसरं तत्त्व चालीला कोंदण घालण्याचं आहे. पाच पंचांनी मिळून खेळाभोवती चौकट ठेवायची आणि सगळ्या कृती तिच्या आत घडू द्यायच्या. साइडलाइनचा पंच धावेच्या ओघात आत ओढला गेला आणि चेंडू उलट फिरून त्याच्या मागून निघाला, तर त्या बाजूला कोणीच उरत नाही. तिसरं तत्त्व शिट्टीचं. चेंडू नियमाने मरतो, शिट्टी फक्त ते जाहीर करते. म्हणून हातात चेंडू प्रत्यक्ष दिसल्याशिवाय शिट्टी वाजवायची नाही. ढिगाऱ्यात चेंडू दिसेनासा झाला की नवख्या पंचाचा हात आपोआप शिट्टीकडे जातो. चेंडू आधीच निसटलेला असेल, तर त्या शिट्टीने एका मुलाचा हक्काचा टचडाउन हिरावला जातो. शिट्टी चुकून वाजली तरी खेळ थांबतो. ज्या संघाकडे चेंडू होता, त्याला तो तिथेच घेण्याचा किंवा डाउन पुन्हा खेळण्याचा पर्याय मिळतो. गेलेला टचडाउन मात्र परत मिळत नाही.

मापाच्या साखळीचीही अशीच ठरलेली पद्धत आहे. दहा यार्डांची साखळी दोन काठ्यांना बांधलेली असते. तिला जवळच्या पाच यार्डांच्या रेषेवर एक क्लिप लावलेली असते. मोजायची वेळ आली की लाइन्समन ती क्लिप धरून साखळी मैदानात आणतो आणि क्लिप पुन्हा त्याच पाच यार्डांच्या रेषेवर टेकवतो. बाहेर होती तिथेच ती आतही बसते. एका छोट्या क्लिपमुळे मापाबद्दल शंका उरत नाही. या खेळात बऱ्याच गोष्टी अशाच, आधी लावून ठेवलेल्या क्लिपवर चालतात.

गोलरेषा आणि किक

गोलरेषेपाशी जागांची किंमत सगळ्यात जास्त असते. चेंडू काही यार्डांवर आला की बाजूचे दोघे पंच धावणाऱ्याच्या आधी गोलरेषेवर पोहोचतात. मागून धावत येणाऱ्या पंचाला खेळाडूची पाठ दिसते, चेंडू दिसत नाही. रेषेवर उभ्या असलेल्याला गुडघा टेकण्याचा आणि चेंडूने रेषा ओलांडण्याचा क्षण एकाच नजरेत दिसतो. इथे आणखी एक कडक संकेत आहे: समोरच्या पंचाने हात वर केले म्हणून आपण करायचे नाहीत. आपण चेंडू रेषेपलीकडे पाहिला असेल तरच हात वर. न पाहता दिलेली दुजोऱ्याची खूण ही खोटी साक्ष आहे, आणि तिच्यामुळे पथकाच्या खऱ्या साक्षीवरचा विश्वासही उडतो.

किकच्या वेळी मांडणी बदलते. शाळकरी सामन्यात किकऑफ चाळीस यार्डांवरून होते आणि रेफरी पार दुसऱ्या टोकाला, गोलरेषेच्या आसपास उभा राहतो. चेंडू गोलरेषेपलीकडे गेला की या नियमांत तो लगेच मरतो, परत पळवता येत नाही. तिथल्या पंचाने त्या क्षणी शिट्टी वाजवली नाही, तर पूर्ण वेगात धावत आलेली मुलं संपलेल्या खेळात एकमेकांवर आदळतात.

मतभेद कुठे आहेत

पहिला प्रश्न संख्येचा. व्यावसायिक लीग १९७८ पासून सात पंच वापरते, मोठी कॉलेजं आता आठ. शाळांमध्ये व्हार्सिटीला पाच, खालच्या संघांना बऱ्याचदा चार, आणि काही राज्यांत अंतिम फेऱ्यांना सात. चारांत बॅक जज नसतो. त्याचं खोल क्षेत्र लाइन जज आणि बाकीचे मिळून सांभाळतात. म्हणजे लाइन जज एकाच वेळी रेषेवरही हवा आणि वीस यार्ड पुढेही. कितीही चपळ माणूस असला तरी हे होत नाही. चारांच्या पद्धतीचे समर्थक म्हणतात की लहान मुलांच्या संघांत लांब पास कमी असतात. आता तेही बदललं आहे. उन्हाळ्यात सात-सात जणांच्या पासिंग स्पर्धा खेळून आलेली मुलं लहान वयातच चेंडू लांब फेकू लागली आहेत. खेळ पसरला आहे, पथक मात्र जुन्याच आकाराचं आहे.

दुसरा प्रश्न अंपायरच्या जागेचा. तो दाटीत उभा असल्याने इजा सगळ्यात जास्त त्यालाच होतात. याच कारणाने व्यावसायिक लीगने २०१० मध्ये त्याला आक्रमणाच्या मागे, रेफरीच्या दुसऱ्या बाजूला हलवलं. शाळांनीही तसंच करावं, असं अनेकांचं म्हणणं आहे. पण तिथे सात पंच होते. पाचांत अंपायर मागे गेला, तर मैदानाच्या मधल्या भागात, छोट्या पासच्या क्षेत्रात, कोणीच उरत नाही. जमिनीला टेकून उचललेला झेल कोण पाहणार? म्हणून शाळकरी खेळाने त्याला होता तिथेच ठेवलं, आणि संख्येच्या मर्यादेत ते योग्यच आहे. पण त्याची किंमतही मान्य करायला हवी. सप्टेंबर २०१५ मध्ये टेक्सासमधल्या मार्बल फॉल्सच्या एका सामन्यात दोन बचावपटूंनी पाठमोऱ्या अंपायरवर मागून झडप घातली. त्याचं चित्रण देशभर पाहिलं गेलं आणि पुढे त्या मुलांच्या संघाच्या सहायक प्रशिक्षकाला न्यायालयात उभं राहावं लागलं. बचावफळीकडे पाठ करून उभा राहणारा माणूस त्या मुलांच्या शिस्तीवर किती विसंबून असतो, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

तिसरा प्रश्न बाजूच्या पंचांचा. काही जुनी पथकं अजूनही त्यांना मैदानात, टोकाच्या रिसीव्हरच्या बाहेर काही यार्डांवर उभं करतात. नवा कल त्यांना साइडलाइनवर ठेवण्याचा आहे. आत राहिलं की खेळ जवळून दिसतो, पण बाहेरच्या बाजूने निघालेली धाव थेट अंगावर येते आणि पंचाला पाठ फिरवून पळावं लागतं. साइडलाइनवर राहिलं की सगळी चाल समोर राहते. माझा कौल स्पष्टपणे दुसऱ्या बाजूला आहे. मात्र त्यासाठी साइडलाइन मोकळी असायला हवी. चेंडू जिवंत असताना मैदानालगतच्या दोन यार्डांच्या पट्ट्यात प्रशिक्षकांनी उभं राहू नये, असा नियम आहे. तो सगळ्यात सर्रास मोडला जाणारा नियम आहे.

चूक होते तेव्हा

तो पट्टा मोकळा नसला की काय होतं, हे ओक्लाहोमाने नोव्हेंबर २०१४ मध्ये पाहिलं. बाद फेरीच्या सामन्यात ओक्लाहोमा सिटीच्या डग्लस शाळेने शेवटचं जेमतेम एक मिनिट उरलं असताना टचडाउन केला. जल्लोषात साइडलाइनने धावणाऱ्या त्यांच्या एका प्रशिक्षकाचा पंचाला धक्का लागला आणि रुमाल पडला. नियमाप्रमाणे त्याचा दंड पुढच्या कन्व्हर्जनला, म्हणजे टचडाउननंतरच्या जादा गुणांच्या प्रयत्नाला, किंवा किकऑफला लागायचा होता. पंचांनी टचडाउनच रद्द केला. समोरच्या लोकस्ट ग्रोव्ह संघाने सामना २०-१९ असा जिंकला. राज्य संघटनेने चूक मान्य केली, पण सामना पुन्हा खेळवायला नकार दिला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनीही तसा आदेश द्यायचं नाकारलं.

या घटनेतून बहुतेकांनी पंचांच्या अज्ञानाचा धडा काढला. मला त्यात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. नजर चुकली नव्हती, धक्का खरंच लागला होता. चुकली ती दंड लावण्याची प्रक्रिया. रुमाल टाकणाऱ्याने रेफरीला नेमकं काय सांगायचं, दंड कुठून लागतो हे दुसऱ्याने स्वतंत्रपणे कसं तपासायचं, अंपायर यार्ड मोजत असताना बाजूच्या पंचाने कुठे उभं राहायचं, हाही मेकॅनिक्सचाच भाग आहे. पाच जणांपैकी एकाला शंका आली असती आणि ती मोठ्याने बोलायची त्या पथकाला सवय असती, तर त्या मुलांचा हंगाम तिथे संपला नसता.

व्हिडिओ फेरतपासणीने हे सुटेल का? २०१९ पासून राज्य संघटनांना बाद फेऱ्यांमध्ये ती वापरण्याची मुभा आहे. पण शुक्रवारी रात्री गावागावांतल्या मैदानांवर अनेक कोनांतून टिपणारे कॅमेरे लावणं परवडणारं नाही, आणि दंड लावण्याची चूक कॅमेऱ्यात दिसतही नाही. शाळकरी खेळात अजून बराच काळ माणसाच्या जागेवरच भिस्त राहणार आहे.

माणसं कमी पडताहेत

आणि नेमकी माणसंच कमी होताहेत. २०१८-१९ च्या हंगामानंतरच्या काही वर्षांत सगळ्या खेळांत मिळून सुमारे पन्नास हजार शाळकरी पंचांनी काम सोडलं, असं फेडरेशनने सांगितलं. अनेक राज्यांनी शुक्रवारचे काही सामने गुरुवारी किंवा शनिवारी हलवले, कारण एका संध्याकाळी सगळ्या मैदानांना पुरतील एवढे पंचच नव्हते. कोविडचा वाटा त्यात होता. पण सोडून गेलेले पंच मुख्य कारण म्हणून पालकांच्या आणि प्रशिक्षकांच्या शिवीगाळीकडे बोट दाखवतात.

संख्या घटली की पहिला घाव मेकॅनिक्सवर बसतो. पाचांच्या जागी चार येतात. खालच्या संघांना तीनच मिळतात. आठवड्याच्या मधल्या दिवसांत लहान मुलांचे सामने सांभाळत हळूहळू वर यायचं, ही शिकण्याची जुनी पायरी मोडते आणि दुसऱ्या वर्षाचा माणूस थेट व्हार्सिटीच्या साइडलाइनवर उभा राहतो. नियम त्याला पाठ असतात, पण पाय कुठे टेकवायचा हे अजून अंगात मुरलेलं नसतं. अनुभवी पंच जातो तेव्हा त्याच्याबरोबर केव्हा थांबायचं आणि कोणाकडे पाहायचं याची समज जाते. पुस्तिकेतून ती परत मिळत नाही.

काय करता येईल

तीन गोष्टी लगेच करता येतील. पहिली, नव्या माणसाला नियमांच्या परीक्षेआधी मैदानावर उभं करणं. सरावाच्या सामन्यांत अनुभवी पंचाने त्याच्या मागे उभं राहून प्रत्येक चालीनंतर एकच प्रश्न विचारावा: आता तू कोणाकडे पाहत होतास? उत्तर ‘चेंडूकडे’ असेतोवर तो तयार झालेला नाही. दुसरी, चित्रणाचा वापर. जवळपास प्रत्येक शाळा आपल्या संघासाठी सामने चित्रित करते आणि हडलसारख्या सेवेवर चढवते. तेच चित्रण पंचांच्या संघटनेला नियमाने मिळावं. कॅमेरा बहुधा उंचावर असतो, आणि कोण कुठे उभं होतं हे उंचावरून सगळ्यात छान दिसतं. तिसरी, सामन्याआधीची बैठक. पंचांचा अधिकार सामन्याच्या तीस मिनिटं आधीपासून सुरू होतो, पण चांगलं पथक त्याच्याही बरंच आधी एकत्र जमतं आणि ठरवून घेतं: झेल दोघांच्या मध्ये आला तर आधी कोण बोलणार, गोलरेषेवर कोण केव्हा पोहोचणार, दंडाबद्दल शंका आली तर खेळ कोण थांबवणार.

चौथी गोष्ट पंचांच्या हातात नाही, शाळांच्या आहे. व्हार्सिटीच्या प्रत्येक सामन्याला पाच पंचांचं मानधन द्यायचं, आणि ते काम करत असताना साइडलाइनचा दोन यार्डांचा पट्टा खरोखर मोकळा ठेवायचा. शिवीगाळ करणाऱ्या पालकाला बाहेर काढण्याची जबाबदारी पंचांवर ढकलायची नाही, ती शाळेच्या व्यवस्थापकाने घ्यायची. पाचव्या पंचाला जास्तीचा खर्च समजणाऱ्या शाळेने एवढंच पाहावं, की तो नसताना मैदानातल्या कोणत्या मुलांकडे कोणीही पाहत नाही.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल येतो आहे आणि अनेक राज्यांत मुलींच्या शालेय संघांना मान्यता मिळत आहे. म्हणजे सामने वाढणार आणि पंचही जास्त लागणार. त्यांना शोधून आणणं जितकं निकडीचं, तितकंच त्यांना जागा शिकवणं. नियम दर वर्षी थोडे बदलतात आणि एका सुट्टीत वाचून होतात. योग्य वेळी योग्य कोनात उभं राहणं अंगवळणी पडायला हंगाम लागतात, आणि ते शिकवणारी माणसं अजून मैदानात आहेत तोवरच ते नव्या हातांत सोपवता येईल.